नव्या पॅटर्न विमानाची पहिली उड्डाणे : आधी जोडणी, मग ट्रान्समीटर

काटेकोर हवाई कसरतींसाठी, म्हणजे एफ३ए या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारासाठी बांधलेले रेडिओ-नियंत्रित विमान पहिल्यांदा उडवणे हे शिकाऊ विमान पहिल्यांदा उडवण्यापेक्षा अगदी वेगळे काम आहे. शिकाऊ विमान चालकाच्या चुका पोटात घालते, कारण स्टिक सोडल्यावर आपोआप सरळ होण्याची सोय त्याच्या रचनेतच केलेली असते. पॅटर्न विमान, म्हणजे या स्पर्धाप्रकाराचे विमान, मात्र मुद्दाम असे घडवलेले असते की त्याने आपणहून काहीच करू नये; त्याचे तोंड ज्या दिशेला केले त्या दिशेला, सुलटे असो, उलटे असो की कुशीवर असो, त्याने सरळ जात राहावे. त्यामुळे अशा विमानाच्या चाचणीत ते उडते की नाही याची चिंता पहिल्या दोन मिनिटांतच संपते, आणि सांगितल्याखेरीज ते काय काय करते हे शोधून काढण्यात पुढची वीस-तीस उड्डाणे जातात.

पुढील विवेचनात दोन मीटर पंखविस्ताराचे, दहा सेलच्या लिपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) चालणारे आणि वजनाने पाच किलोच्या आतले विमान गृहीत धरले आहे. एफ३एच्या नियमांनुसार पंखविस्तार आणि लांबी ही दोन्ही मापे २ मीटरच्या आत ठेवावी लागतात, आणि बहुतेक विमाने या मर्यादेला टेकूनच बांधलेली असतात. विमान लहान असले तरी क्रम हाच राहतो. फक्त आकडे बदलतात.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगतो. जो दोष लाकडात, स्क्रूत किंवा वजनात आहे, तो तिथेच दुरुस्त करावा, आणि ट्रान्समीटरमधले मिक्सिंग, म्हणजे एका नियंत्रणासोबत दुसरे आपोआप थोडे हलवण्याची सोय, सर्वांत शेवटी उरलेल्या चिमूटभर दोषासाठी राखून ठेवावे. माझ्या दुसऱ्या विमानाच्या वेळी मी नेमके उलट केले होते. उडताना ते डावीकडे कलत होते, म्हणून एलेरॉनचे (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या फळ्यांचे) ट्रिम, म्हणजे स्टिक सोडलेली असतानाची त्यांची जागा, सात-आठ टिचक्यांनी उजवीकडे सरकवून मी मोकळा झालो. प्रत्यक्षात डावा पंख जड होता. पुढे लूप (हवेतली उभी वर्तुळे) वाकडे पडू लागले, ते सावरण्यासाठी मिक्सिंग घातले, त्या मिक्सिंगने उलटे उड्डाण बिघडले, आणि उजव्या पंखाच्या टोकाला नऊ-दहा ग्रॅम शिसे बसवून जे काम झाले असते त्यापायी जवळजवळ एक हंगाम वाया गेला.

घरच्या टेबलावर

चाचणीचा निम्मा भाग घरीच उरकतो. विमान पूर्ण जोडून सपाट जमिनीवर ठेवावे आणि शेपटीच्या मध्यबिंदूपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतचे अंतर न ताणणाऱ्या दोऱ्याने मोजावे. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. मागून पाहताना स्टॅब, म्हणजे शेपटीचा आडवा पंख, मुख्य पंखाला समांतर दिसला पाहिजे. पंखाच्या बसणीचा कोन, ज्याला सगळे इन्सिडन्स म्हणतात, मीटर लावून दोन्ही बाजूंना मोजावा. पंख स्टॅबच्या तुलनेत शून्य ते अर्धा अंश असणे नेहमीचे आहे. परंतु हा आकडा किती आहे यापेक्षा डाव्या आणि उजव्या पंखाचा आकडा एकच आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे आहे. दोन पंखांत पाव अंशाचा फरक राहिला तर तो पुढे प्रत्येक कसरतीत नडतो.

त्यानंतर विमान पुढे स्पिनरपाशी (प्रोपेलरच्या मध्यावरील टोपीपाशी) आणि मागे शेपटीपाशी दोरीने टांगून कोणता पंख खाली जातो ते पाहावे व हलक्या पंखाच्या टोकाला वजन चिकटवून तोल साधावा. हे वजन तात्पुरतेच समजावे, कारण अंतिम निर्णय हवेतच होतो.

गुरुत्वमध्य पहिल्या उड्डाणासाठी नकाशात दिलेल्या जागेपेक्षा चार-पाच मिलिमीटर पुढे ठेवावा. नाक किंचित जड असलेले विमान कंटाळवाणे उडते, पण शेपूट जड असलेले विमान पहिल्याच वळणात हातातून जाऊ शकते. विद्युत विमानात हे समायोजन सोपे असते. बॅटरीचे वजन सव्वा किलोच्या आसपास आणि विमानाचे एकूण वजन पाच किलोच्या आसपास धरले, तर बॅटरी २० मिलिमीटर सरकवल्यावर गुरुत्वमध्य सुमारे ५ मिलिमीटर सरकतो. हे गणित डोक्यात ठेवावे आणि बॅटरीच्या फळीवर पेन्सिलने खुणा कराव्यात.

नियंत्रण पृष्ठभागांच्या हालचाली अंशांत मोजाव्यात. एलेरॉन आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) यांना दोन्ही दिशांना १० ते १२ अंश, रडरला (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या फळीला) २५ ते ३० अंश आणि एक्स्पो, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळ प्रतिसाद मवाळ करणारी सोय, २० ते ३० टक्के ही सुरुवातीची सुरक्षित मापे आहेत. स्नॅप आणि स्पिन या गरगर फिरण्याच्या कसरतींसाठी लागणारी मोठी मापे वेगळ्या स्विचवर ठेवावीत. ६० मिलिमीटर रुंदीचा एलिव्हेटर १० अंश वळला म्हणजे त्याची मागची कड साधारण साडेदहा मिलिमीटर सरकते, त्यामुळे कोनमापक नसेल तर पट्टीवरही काम भागते. हालचाल जास्त होत असेल तर ट्रान्समीटरमध्ये टक्के कमी करण्याचा मोह टाळावा आणि पुशरॉड (पृष्ठभाग हलवणारी काडी) सर्व्होच्या, म्हणजे ती ढकलणाऱ्या छोट्या मोटरच्या, भुजेवर आतल्या छिद्रात घ्यावा. सर्व्होचा प्रवास पूर्ण वापरला की त्याची ताकद आणि बारकावा दोन्ही हाती येतात. ५० टक्क्यांवर आणून ठेवलेल्या सर्व्होकडून काटेकोर उड्डाणाची अपेक्षा करता येत नाही. एलिव्हेटरच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र सर्व्हो असतील तर शून्यावर, मध्यावर आणि टोकाला अशा तिन्ही ठिकाणी त्या जुळतात की नाही हे पाहावे, कारण केवळ शून्यावर जुळवलेल्या बाजू लूपमध्ये विमानाला पीळ देतात.

कार्बनच्या बॉडीतून २.४ गिगाहर्ट्झचे संकेत नीट पार होत नाहीत, म्हणून अशा विमानात रिसीव्हरच्या अँटेना बाहेर काढाव्यात आणि दोन्ही एकमेकींशी काटकोनात बसवाव्यात. थ्रॉटलची दिशा तपासताना आणि फेलसेफला, म्हणजे संकेत तुटल्यावर, मोटर बंद होते याची खात्री करताना प्रोपेलर काढूनच ठेवावा. या नियमाला अपवाद करू नये. २० इंचांहून मोठा प्रोपेलर बोटांची गय करत नाही.

मैदान, परवानगी आणि हवा

भारतातील २०२१च्या ड्रोन नियमांत करमणुकीसाठी उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांचाही समावेश आहे. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंतच उडवण्याची मुभा असते, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. एफ३एचे उड्डाण चालकापासून सुमारे १५० मीटर अंतरावर होते आणि कसरती ज्या भागात कराव्या लागतात त्या चौकटीची वरची मर्यादा ६० अंशांची असते. तेवढ्या अंतरावर ६० अंश म्हणजे जवळजवळ २६० मीटर उंची. अर्थात पूर्ण चौकट वापरायची असेल तर हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. ट्रिमिंगच्या बहुतेक चाचण्या मात्र कमी उंचीत बसवता येतात, आणि तशा त्या बसवाव्यात. मैदान कोणत्या क्षेत्रात येते हे सरकारी नकाशावर निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

वेळ सकाळचीच हवी. महाराष्ट्राच्या पठारावर मार्चनंतर साडेनऊ-दहाच्या सुमारास जमिनीवरून गरम हवेचे झोत उठू लागतात, आणि विमान हलले ते आपल्या दोषाने की हवेच्या धक्क्याने हे कळेनासे होते. पुण्यासारख्या ५६० मीटर उंचीवरच्या ठिकाणी ३५ अंश तापमानात हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण १२ ते १३ टक्के विरळ असते. त्यामुळे स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलेनासे होतात तो) सुमारे ७ टक्के वाढतो आणि थंडीत कोकणात सहज उतरलेले विमान उन्हाळ्यात देशावर उतरताना अंमळ लवकर खाली बसते. जानेवारीत गावाजवळच्या मैदानावर पतंगाचा मांजा हवेत असतो, त्या दिवसांत नवे विमान काढू नये. घारींना विमानाचे कुतूहल असते. बहुतेक वेळा त्या नुसत्या सोबत फिरतात, पण त्या असताना उभ्या चढाईच्या चाचण्या थांबवाव्यात.

पहिले उड्डाण

मैदानावर पोहोचल्यावर सर्व स्क्रू, क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्या), पंखाचे बोल्ट आणि प्रोपेलरचा नट पुन्हा हाताने तपासावेत. निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे कमी शक्तीवर रेंज तपासावी. ती आधी मोटर बंद ठेवून आणि मग विमान सोबत्याने घट्ट धरलेले असताना मोटर चालू ठेवून करावी, कारण काही दोष फक्त स्पीड कंट्रोलर भार घेतो तेव्हाच उघड होतात. मग नियंत्रणांच्या दिशा दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्याव्यात. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे, हे वाक्य मोठ्याने म्हणत तपासावे. स्वतः बांधलेल्या विमानात आपल्या डोळ्यांना हवे तेच दिसते, आणि उलटा जोडलेला एलेरॉन हे पहिल्याच उड्डाणात विमान गमावण्याचे जुने कारण आहे.

टायमर चार मिनिटांवर लावावा. विमान वाऱ्याच्या तोंडावर ठेवून, एलिव्हेटर किंचित वर धरून थ्रॉटल हळूहळू वाढवावा आणि रडरने दिशा सांभाळावी. या आकाराच्या विमानाकडे ताकद भरपूर असते, म्हणून घाई करण्याचे कारण नाही. वेग आल्यावर ते स्वतःच उचलते. खड्या कोनाने नव्हे, तर मवाळ चढाईनेच ते ५०-६० मीटर उंचीवर न्यावे, थ्रॉटल दोन-तृतीयांशवर आणावा आणि मगच ट्रिमला हात लावावा. डोळे विमानावरच राहिले पाहिजेत. ट्रिमच्या टिचक्या सोबत्याने मोजाव्यात आणि त्यानेच वहीत लिहाव्यात.

विमान सरळ उडू लागल्यावर उंचीवरच थ्रॉटल बंद करून एलिव्हेटर हळूहळू ओढत स्टॉल करून पाहावा. नाक कोणत्या वेगाला पडते, एखादा पंख अचानक खाली जातो का, हे उतरण्यापूर्वीच माहीत असलेले बरे. पॅटर्न विमाने जमिनीलगत लांबवर तरंगतात, त्यामुळे उतरण्याची रेघ नेहमीपेक्षा लांब धरावी आणि ती बिघडली तर निःसंकोच पुन्हा वर जावे. चार मिनिटांचा टायमर त्यासाठीच आहे. या उड्डाणात रोल नको, लूप नको. बघायला जमलेल्या मंडळींचा आग्रह होतोच, तो नम्रपणे बाजूला ठेवावा.

उतरल्यावर मोटर आणि स्पीड कंट्रोलर किती तापले ते पाहावे, बॅटरीत किती शिल्लक राहिली ते लिहावे, सगळे स्क्रू पुन्हा तपासावेत. मग हवेत दिलेले ट्रिम क्लेव्हिस फिरवून पुशरॉडवर उतरवावे आणि ट्रान्समीटरची ट्रिम्स पुन्हा मध्यावर आणावीत.

ट्रिमिंगचा क्रम

यापुढे एका उड्डाणात एकच बदल करावा. या क्रमालाही कारण आहे : आधीची पायरी हलवली की पुढच्या सगळ्या हलतात, परंतु पुढची हलवल्याने आधीची सहसा बिघडत नाही.

पहिला गुरुत्वमध्य. विमान सुलटे ४५ अंशांच्या चढाईला लावावे, अर्धा रोल करून उलटे करावे आणि एलिव्हेटर सोडून द्यावा. चढाईची रेघ बराच वेळ टिकून मग अगदी सावकाश जमिनीकडे वाकली तर गुरुत्वमध्य योग्य जागी आहे. लगेच जमिनीकडे वळले तर नाक जड आहे, आणि आपणहून आणखी आकाशाकडे वळू लागले तर शेपूट जड आहे. बॅटरी पाच-पाच मिलिमीटरच सरकवावी आणि प्रत्येक वेळी सरळ उड्डाणाचे ट्रिम नव्याने घ्यावे. ते न घेता काढलेला निष्कर्ष फसवा असतो, आणि ही चूक फार जणांकडून होते.

दुसरा आडवा तोल. सरळ उड्डाणात एलेरॉन ट्रिम करून विमान उलटे करावे व एलेरॉन सोडून पाहावा. दोष पंखाच्या पिळाचा असेल तर ट्रिमने तो उलट्या उड्डाणातही सावरलेला राहतो. दोष वजनाचा असेल तर उलट्या उड्डाणात तोच जड पंख दुपटीने खाली जातो, कारण आता वजन आणि ट्रिम दोन्ही त्याला एकाच बाजूला ओढत असतात. माझ्या त्या जुन्या विमानावर ही एक चाचणी केली असती तर एका सकाळीच उत्तर मिळाले असते. त्यानंतर आपल्यापासून दूर जाताना मोठे लूप घ्यावेत आणि वर पोहोचताना कोणता पंख खाली राहतो ते पाहावे. इथे एक अडचण येते : एलिव्हेटरच्या न जुळलेल्या बाजू आणि जड पंख यांची लक्षणे लूपमध्ये सारखीच दिसतात. म्हणूनच एलिव्हेटर घरी टेबलावर जुळवून आणायचा असतो.

तिसरी पायरी थ्रॉटल बंद ठेवून सरळ खाली झेपावण्याची आहे, आणि ती चौथीच्या आधीच करावी, कारण इथे मोटरच्या रेट्याचा प्रभाव नसतो. विमान डावी-उजवीकडे सरकले तर रडरचे ट्रिम किंवा शेपटीची जुळणी चुकली आहे. ते कॅनोपीकडे, म्हणजे पाठीच्या बाजूला, ओढले गेले तर पंख आणि स्टॅब यांच्या कोनांत फरक जास्त आहे. बहुधा गुरुत्वमध्य अजून पुढे असतो आणि एलिव्हेटरच्या ट्रिमने नाक उचलून धरलेले असते. पोटाकडे वळले तर याच्या उलट समजावे. गुरुत्वमध्याची चाचणी समाधानकारक असूनही ही ओढ उरली, तर इन्सिडन्स पाव-पाव अंशाने बदलून एलिव्हेटर पुन्हा ट्रिम करावा.

आता पूर्ण थ्रॉटलवर सरळ वर. वारा नसताना, आणि शक्य असेल तेव्हा दोन्ही दिशांनी जाताना, ही चाचणी चार-पाच वेळा करावी. विमान डावीकडे गेले तर मोटरचा उजवा कोन वाढवावा, उजवीकडे गेले तर कमी करावा. कॅनोपीकडे वळले तर मोटर खाली झुकवावी, पोटाकडे वळले तर उचलावी. बहुतेक विमाने दोन-तीन अंश उजवीकडे आणि खाली जेमतेम एक अंश इथे स्थिरावतात. मोटरच्या माउंटचे बोल्ट एकमेकांपासून ५० मिलिमीटरवर असतील तर एका बाजूला ०.९ मिलिमीटर जाडीचा वॉशर घातल्याने एक अंश मिळतो. कोन बदलला की स्पिनर बॉडीच्या तोंडाशी एका बाजूला सरकलेला दिसू लागतो. तो दिसू द्यावा. सौंदर्यासाठी थ्रस्ट लाइन (मोटरच्या रेट्याची दिशा) मागे घेतलेली विमाने मी पाहिली आहेत आणि ती उभ्या रेघेत आयुष्यभर वाकडीच गेली.

एलेरॉनच्या डिफरेन्शियलसाठी विमान आपल्यापासून दूर नेत चढाईला लावावे आणि नुसत्या एलेरॉनने उजवीकडे व डावीकडे रोल द्यावेत. नाक रोलच्या विरुद्ध दिशेला सरकत असेल तर डिफरेन्शियल वाढवावे, म्हणजे वर जाणारा एलेरॉन अधिक आणि खाली येणारा कमी हलेल असे करावे. नाक रोलच्याच दिशेला जात असेल तर ते कमी करावे. सममित पंखाला हे फारसे लागत नाही.

कुशीवरचे उड्डाण, म्हणजे नाइफ एज, शेवटी घ्यावे. विमान कुशीवर वळवून वरच्या रडरने उंची टिकवावी आणि दोन गोष्टी पाहाव्यात : ते पोटाकडे किंवा कॅनोपीकडे सरकते का, आणि रडरमुळे रोल होते का. पोटाकडे ओढ हा नेहमीचा दोष आहे आणि त्यासाठी रडरसोबत थोडा वरचा एलिव्हेटर देणारे मिक्सिंग घालतात. रडरच्या दिशेला रोल होणे म्हणजे पंखांचा वर वळवलेला कोन जास्त असणे. पंख बांधून झालेले असल्याने ते एलेरॉनच्या मिक्सिंगनेच सावरावे लागते. डाव्या आणि उजव्या रडरसाठी मिक्सिंगचे आकडे वेगळे निघाले तर त्यात गैर काही नाही. मात्र कोणताही आकडा दहा टक्क्यांच्या वर गेला तर थांबावे आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासावे. खाली झेपावतानाची उरलेली किंचित ओढही याच टप्प्यावर, थ्रॉटल अगदी खाली असतानाच लागू होणाऱ्या एलिव्हेटरच्या मिक्सिंगने काढतात. एक-दोन टक्के पुरतात.

प्रत्येक उड्डाणानंतर तारीख, वारा, बॅटरीची जागा आणि केलेला बदल वहीत लिहून ठेवावा. पुढे प्रोपेलरची जात किंवा माप बदलले तर उभ्या चढाईची आणि झेपावण्याची चाचणी नव्याने करावी. वेगळ्या वजनाची बॅटरी घेतली तर गुरुत्वमध्यापासून सुरुवात करावी. विमान उन्हात बंद गाडीत तासभर राहिले असेल, तर उडवण्यापूर्वी पंखांना पीळ पडला आहे का हे इन्सिडन्स मीटर लावून पाहावे.